आईबरोबर गाळावर

उजनी धरणाचं पाणी मागं सरलं की भीमेच्या काठानं मैलच्या मैल गाळ उघडा पडतो. त्या गाळावर उगवणारी झाडं मी दोन हंगाम मोजली. झाडं म्हणजे सावली देणारी नव्हेत. बोटभर, वीतभर उंचीची, जमिनीला चिकटून पसरणारी, पाणी परत चढायच्या आत फुलून बी टाकून मरून जाणारी. नव्वदनंतरची ती वर्षं. मी बारामतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि त्या झाडांवर मला प्रबंध लिहायचा होता.

आमचं घर कोऱ्हाळे बुद्रुकला, बौद्धवस्तीत. वडील कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते बघायचे. आई खुरपणीला जायची. ऊस, भुईमूग, कांदा, ज्याचं बोलावणं येईल त्याच्या वावरात. सकाळी आठला वाकायची ती संध्याकाळी सरळ व्हायची. तिच्या उजव्या हाताच्या तळव्याला खुरप्याच्या मुठीचा एक कायमचा घट्टा होता. मी सातवीत असताना एकदा हौसेनं तिच्याबरोबर गेले आणि खुरपं हातात घेतलं, तर तिनं ते हिसकावून घेतलं. म्हणाली, "तुज्या हातात ह्ये मला दिसाय न्हाय पायजे." त्यानंतर मी शेतात गेले नाही. शिकत राहिले. वस्तीतली कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी.

त्यामुळे माझ्या मार्गदर्शक सरांनी विषय दिला आणि मी घरी येऊन तो सांगितला, तेव्हा आईचा चेहरा पडला.

"म्हंजी तण मोजायचं?"

"तण नाही गं. वनस्पती."

"गाळात उगवतंय त्ये तणच की. त्ये मोजायला एवढं शिकवलं व्हय तुला?"

मी तिला समजावलं. सर म्हणाले होते की ही जमीन निम्मं वर्ष पाण्याखाली असते आणि निम्मं वर्ष उन्हात. तिच्यावर आधी कोण येतं, मागून कोण येतं, कोण कुणाला हटवतं, हे आपल्याकडं कुणी नीट लिहून ठेवलेलं नाही. आई ऐकून घेत होती, पण तिला ते पटलं नाही. मातीत वाकायचं काम माझ्या वाट्याला येऊ नये म्हणून ती पंचवीस वर्षं वाकली होती, आणि मी एवढं शिकून पुन्हा तिथंच चालले होते. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "पोर एकली कशी जाईल तितं? रानात चिटपाखरू नसतंय." त्यावर आईच म्हणाली, "मी जाती संगं."

जानेवारीपासून आम्ही दर पंधरा दिवसांनी जाऊ लागलो. पहिल्या एस.टी.नं बारामती, तिथून भिगवणकडची गाडी, मधेच उतरून मैलभर चालणं. बरोबर भाकरीचं फडकं, पाण्याची कळशी, वह्या, सुतळीचा गुंडा आणि कळकाच्या चार काठ्या बांधून केलेली मीटरभराची चौकट. कळशी आईच्या डोक्यावर, चौकट माझ्या खांद्यावर.

पावसाळ्यात पाणी सगळ्यात वर जिथपर्यंत येतं, तिथं बेशरमाच्या झुडपांची दाट रांग असायची. तिथून खाली उतरलं की वाळून भेगाळलेली जमीन, तिच्यावर गोखरू आणि पिवळा धोतरा. त्याच्या खाली ओल धरून असलेला पट्टा. त्यात माका, जलपिंपळी, नाकशिंकणी आणि जमिनीसरपट पसरणारी कितीतरी बारीक झाडं. आणखी खाली लव्हाळ्याची नुकती फुटलेली हिरवी लव, आणि शेवटी पाण्याशी नुसता चकाकणारा काळा चिखल. पंधरा दिवसांनी जावं तर पाणी वीस-तीस पावलं मागं गेलेलं असायचं आणि हे सगळे पट्टे त्याच्यामागून खाली सरकलेले असायचे. वरून खालपर्यंत दोरी धरायची, ठरावीक अंतरावर चौकट टाकायची आणि आत काय काय आहे, किती आहे, ते लिहायचं. एवढंच काम होतं.

पहिल्याच दिवशी मी पहिली चौकट टाकली आणि दोरी मोजत पाण्यापर्यंत गेले. परत आले तर आई चौकटीत उकिडवी बसलेली. आतली माती स्वच्छ, एक काडी शिल्लक नाही. उपटलेल्या रोपांचा छोटा ढीग बाजूला.

"झाली बघ साफ," ती म्हणाली. "आता मोज तुजं काय मोजायचंय त्ये."

मी ओरडलेच. "आई, अगं तेच तर मोजायचं होतं!"

ती गडबडली. हातातलं शेवटचं रोप तिनं पुन्हा मातीत खोचायचा प्रयत्न केला. मग आम्ही दोघी हसत सुटलो. तेवढ्या उघड्या, सुनसान जागी आमच्या हसण्याचा आवाज फार मोठा वाटला होता. त्या कामातली आनंदाची आठवण म्हणाल तर हीच.

नंतर तिनं एकही रोप उपटलं नाही. पण तिच्याकडं काय आहे ते मला त्या दिवसापासून कळायला लागलं. मला झाड ओळखायला फूल लागायचं, निदान चार-सहा पानं तरी लागायची. आईला दोन पानं पुरायची. मातीतून नुकती डोकी वर काढलेली, माझ्या डोळ्यांना एकसारखी दिसणारी रोपं ती बोटानं दाखवत जायची. "ह्यो माका. ह्ये गोखरू, ह्याची पयली पानं लांब असत्यात बघ. ह्यी घोळ. ह्यो धोतरा, आज मऊ हाय, म्हैन्यानं हात लावू द्यायचा न्हाय." जन्मभर पिकाचं रोप ठेवून तणाचं उपटायचं, तेही भराभर, मालकाच्या नजरेखाली. त्यात नजर तयार झाली होती. मी तिच्या सांगण्यावर विश्वास न ठेवता रोपांना खुणेच्या काड्या लावल्या आणि महिन्याभरानं पडताळून पाहिलं. ती क्वचितच चुकली होती.

ज्यांना तिच्याकडं नाव नव्हतं त्यांना ती नाव द्यायची. पांढुरक्या लवेचं, हाताला मऊ लागणारं एक झाड होतं, त्याला ती 'लोकरी' म्हणायची. गुलाबी ठिपक्यांसारख्या फुलांचं एक जमिनीवर अंथरल्यासारखं पसरायचं, त्याला 'वाकळ'. मी वहीत लॅटिन नावांशेजारी तिची नावं लिहीत गेले. सरांनी ती पाहिली आणि विचारलं, "ही नावं कुणी सांगितली?"

"तिथल्या एक बाई आहेत," मी म्हणाले.

ते माझ्या तोंडून कसं गेलं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. माझ्या वर्गात बागायतदारांच्या मुली होत्या, वालचंदनगरच्या क्वार्टर्समधून येणाऱ्या नोकरदारांच्या मुली होत्या. त्यांतल्या एकीच्या घरच्या उसात आई दर वर्षी खुरपायला जायची. त्या मुलीला ते माहीत नव्हतं, मला होतं. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं होतं, आई काय करते, आणि मी म्हटलं होतं, घरीच असते. एकदा तसं म्हटल्यावर पुढं तेच सांभाळत जावं लागतं.

मार्चमध्ये सर जागा पाहायला आले. बरोबर पुण्याहून आलेले दुसरे एक प्राध्यापक होते, वयानं मोठे, या विषयातले जाणकार. आदल्या दिवशी मला निरोप मिळाला होता. आईनं त्या सकाळी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसायला काढलं. मी म्हटलं, "कशाला? चिखलात खराब होईल." तिनं ते घडी करून परत ठेवलं आणि रोजचं नेसली.

ते दोघे बांधावरून खाली उतरताना दिसले तेव्हा आई चौकट धरून बसली होती आणि मी लिहीत होते. सर जवळ आले. मी उभी राहिले. सरांनी आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"या कोण?"

"मावशी आहेत, सर. इथल्याच. मदतीला येतात."

आई माझ्यापासून चार हातांवर होती. तिनं ऐकलं. तिनं मान वर केली नाही. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि थोडी मागं सरकून उभी राहिली, जशी ती मालक आल्यावर बांधाला उभी राहायची तशी.

पुण्याचे प्राध्यापक स्वभावानं मोकळे होते. त्यांनी वाकून एक रोप दाखवलं. "काय मावशी, हे काय आहे, ओळखता का?"

ते माशीपत्रीचं रोप होतं. आदल्याच खेपेला आईनं मला तशी पन्नासेक वेगळी काढून दाखवली होती.

"न्हाय जी, सायेब," आई म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं. ताईंना इचारा."

ताई म्हणजे मी. माझ्या आईनं मला 'ताईंना' म्हटलं. आणि मी त्या प्राध्यापकांना त्या रोपाचं नाव सांगितलं, ते कोणत्या पट्ट्यात येतं ते सांगितलं, पहिल्या दोन पानांवरून ते कसं ओळखायचं तेही सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, "या वयात एवढी नजर? फारच छान."

पुढं ते पाण्याच्या दिशेनं निघाले. गाळाची एक फसवी गोष्ट असते. वरून पापुद्रा वाळतो, पांढरा दिसतो, आणि खाली कमरेइतका चिखल तसाच असतो. आई भेगांकडं बघून सांगायची की पाय कुठं टाकायचा. ती मागून म्हणाली, "सायेब, तितं नगा जाऊ. वरनं वाळलंय, खाली दलदल हाय." त्यांनी हात हलवला आणि पुढचं पाऊल टाकलं. गुडघ्याच्या वर पाय आत गेला. दुसरा पाय काढायला गेले तर तोही अडकला. सर आणि मी काठावर नुसते उभे. आईनं कळकाची चौकट आडवी टाकली, तिच्यावर पोटावर झोपली आणि त्यांचा हात धरला. "घाई करू नगा. पाय हलवू नगा. हळूहळू आडवं व्हा," असं बोलत बोलत तिनं त्यांना बाहेर ओढलं. एक बूट आतच राहिला. आई उठली तेव्हा हनुवटीपासून पायापर्यंत काळी झाली होती.

कळशीतलं पाणी तिनं त्यांच्या हातापायांवर ओतलं. तिच्यासाठी उरलं नाही. जाताना ते मला म्हणाले, "बाई चांगली मिळाली आहे तुला. सोडू नकोस हिला."

मी "हो सर" म्हणाले.

ते गेल्यावर आई पाण्याच्या कडेला, खडकाळ जागी गेली आणि लुगड्यासकट अंग धुऊन आली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "आई, ते जरा..." ती म्हणाली, "ऱ्हायलेल्या चौकटी उरक. गाडी चुकंल." आम्ही राहिलेल्या चौकटी मोजल्या. ती रोपं सांगत होती, मी लिहीत होते. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. एस.टी.त ती खिडकीशी बसली, ओल्या लुगड्यानं कुडकुडत. बारामती येईपर्यंत एवढंच बोलली, "भाकरी तशीच ऱ्हायली तुजी." रात्री जेवताना तिनं वडिलांना सांगितलं की मोठे साहेब आले होते, त्यांनी पोरीचं लई कौतुक केलं. कुठं उभी होती, कोण म्हणून उभी होती, ते सांगितलं नाही. मी ताटाकडं बघत जेवत होते. मला वाटलं उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी ती खुरपणीला गेली आणि मी कॉलेजला.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा माझ्याबरोबर आली. त्या हंगामातली एकही खेप तिनं चुकवली नाही. फक्त एक बदल झाला. लांबून कुणी येताना दिसलं, गुराखी असो की मासे धरणारा, की ती आपण होऊन माझ्यापासून दहा पावलं बाजूला जाऊन उभी राहायची. मी तिला कधी "इथंच थांब" म्हटलं नाही.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत पुन्हा गेलो तेव्हा ती दमायला लागली होती. चालता चालता बसायची. कळशी मी घेतली. ओटीपोटात दुखतंय म्हणायची, वय झालं म्हणायची. तिचं वय पंचेचाळीसही नव्हतं. थंड चिखलात तासन् तास उकिडवी बसायची आणि उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकायची. एप्रिलमध्ये एका खेपेला ती उठलीच नाही. मी धरून उठवली तेव्हा तिच्या लुगड्याला मागं रक्त होतं. तेव्हा तिनं सांगितलं. वर्ष होऊन गेलं होतं, अंगावरून जात होतं. वडील पुरुषमाणूस, त्यांना कसं सांगायचं, आणि मला सांगितलं असतं तर माझं काम थांबलं असतं.

"मागल्या साली सायेब आलं हुतं ना," ती म्हणाली, "तवापास्नंच हाय."

ती हे फक्त वेळ सांगण्यासाठी म्हणाली. पण मला तेव्हापासून त्या दोन गोष्टी वेगळ्या करता आलेल्या नाहीत.

बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून लगेच पुण्याला न्यायला सांगितलं. पुण्याला सांगितलं की गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे आणि फार उशीर झाला आहे. रेडिएशनचा शेक दिला. त्यानं ती आणखी वाळली. उरलेल्या चौकटी मी एकटीनं उरकल्या, अर्ध्यामुर्ध्या. मेअखेरीला प्रबंध टाइप होऊन आला, इंग्रजीत, निळ्या कापडी बांधणीचा. पहिल्या पानावर आभार होते. सरांचे, विभागाचे, ग्रंथालयाचे. शेवटी एक ओळ होती: क्षेत्रकामात मदत करणाऱ्या एका स्थानिक बाईंचे. हे मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून लिहून दिलं होतं. आई आत खाटेवर होती. तरीही मी तसंच लिहिलं होतं, कारण सरांच्या समोर आता काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं.

मी प्रबंध घरी आणला तेव्हा आई घरी आली होती. दवाखान्यानं परत पाठवली होती. तिनं तो मांडीवर घेतला. तिला मराठी जुळवून जुळवून वाचता यायचं, इंग्रजी नाही. पानं उलटत ती चित्रांवर थांबायची. "ही लोकरी. ही वाकळ," म्हणायची. मग तिनं पहिलं पान काढलं.

"कुनाकुनाची नावं लिवलीत?"

मी वाचून दाखवलं, मराठीत करून. सरांचं नाव, विभाग, ग्रंथालय.

"आन् मी?"

तिनं ते सहज विचारलं. रुसून नाही, अडवून नाही. मी म्हटलं, "आहेस ना. ही बघ ओळ. माझ्या आईचे आभार, तिच्यामुळं हे काम झालं."

"कुठं?"

मी तिचं बोट धरून त्या शेवटच्या ओळीवर ठेवलं. तिनं ते अक्षरांवरून हळूहळू फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत. मग पुन्हा एकदा. वडील दारात बसले होते, त्यांना तिनं हाक मारली. "ह्ये बगा. माजं हितं लिवलंय." ते उठून आले, तेही बघून गेले.

ऑगस्टमध्ये ती गेली. कालव्याला पाणी होतं आणि वडील कामावर होते. मी एकटीच जवळ होते. शेवटचे दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. मी मावशी म्हणाले ते, त्या ओळीत काय आहे ते. तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तिला ऐकू आलं नाही हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच सांगता आलं, हेही माहीत होतं.

मला पहिला वर्ग मिळाला. इंदापूर तालुक्यातल्याच एका ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली. सरांनी त्याच विषयावर पीएच.डी. कर म्हणून आग्रह धरला, मी नोंदणीही केली. पुढल्या जानेवारीत चौकट घेऊन गाळावर गेले. तीन खेपा केल्या. दोन पानांवर आलेली रोपं मला ओळखू येईनात. वाट बघून, मोठी झाल्यावर ओळखावं म्हटलं, तर तोवर निम्मी सुकून गेलेली असायची. चौथ्या खेपेला मी गेले नाही. सरांना पत्रानं कळवलं की घरच्या अडचणीमुळं जमत नाही.

दोन-तीन वर्षांनी बारामतीत एका कार्यक्रमाला सर भेटले. निवृत्तीला आले होते. कॅन्टीनमध्ये आम्ही चहा घेतला आणि ते म्हणाले की तुझं काम चांगलं होतं, सोडायला नको होतंस. तेव्हा मी सांगून टाकलं. म्हणाले, "सर, ती रोपं मी ओळखत नव्हते. माझी आई ओळखत होती. त्या दिवशी गाळावर होती ती माझी आई होती."

सरांनी कप खाली ठेवला.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तेव्हाच कळलं होतं. तुम्हा दोघींची चेहरेपट्टी एकच. आज ना उद्या तू सांगशील म्हणून मी थांबलो."

"तुम्ही विचारलं का नाही, सर?"

"तुला अवघड वाटेल म्हणून." मग ते म्हणाले, "खरं तर मलाही अवघड वाटत होतं. प्रबंधावर सही करतानाही ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. खोडून दुरुस्त कर म्हणायला हवं होतं."

मी विचारलं की आता ती बदलता येईल का. ते म्हणाले, प्रत ग्रंथालयात दाखल झालेली आहे, शिक्का पडलेला आहे, तिच्यात आता काही करता येत नाही. त्यांच्या आवाजात खरंच वाईट वाटल्याचं होतं. ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवायला गेले आणि तो तसाच मागं घेतला. आम्ही दोघं एकाच फाटकातून बाहेर पडलो, ते त्यांच्या स्कूटरकडं गेले आणि मी एस.टी. स्टँडकडं. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, कोण भेटलं का. मी म्हटलं, सर भेटले होते, आईची आठवण काढत होते. वडिलांना ते ऐकून बरं वाटलं.